साबेलाच्या घराचा धूर

वाल्देतोशो, गालिसिया, स्पेन
१२ ऑगस्ट १९९६

चि. साबेला हिस ओब्दूलियाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इतक्या वर्षांनी ताईचं पत्र, म्हणजे कुणीतरी गेलं, असं तुझ्या मनात आलं असेल. खरंच आहे ते. बाबांच्या वाणाची शेवटची घोडी, करडी, गेली. एवारिस्तोच्या निलगिरीच्या रोपांत शिरते म्हणून त्याने तिच्या पायात लाकडाचा ओंडका अडकवला होता. ओंडक्यासकट ती घळीत पडली. मी पोचले तेव्हा तिचं शिंगरू जवळ उभं होतं.

एवारिस्तो अजून गावसभेचा अध्यक्ष आहे. आता सगळा डोंगर कागदाच्या कारखान्यांना निलगिरीसाठी द्यायचा आणि रानातले घोडे खाटकाकडे पाठवायचे, असा त्याचा बेत आहे. मी गप्प बसणारी नव्हे. शाळेतल्या पोरांकडून आपल्या रानातल्या, वरच्या ओठावर मिशी असलेल्या घोड्यांची चित्रं काढून घेतली आणि चर्चपासून खानावळीपर्यंत चिकटवली. दारोदार फिरून सांगितलं की डोंगरावरची काटेरी झुडपं खायला या घोड्यांशिवाय कुणी धजत नाही. घोडे गेले की झुडपं माजतील आणि पहिल्याच वणव्यात गाव जाईल. एवारिस्तो खानावळीत म्हणाला, ओब्दूलियालाही मिशी फुटते आहे, तिलाही डोंगरावर सोडा. मेले सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मी हसणाऱ्यांच्याच घरी गेले आणि चार मतं घेऊन आले.

आता अकरा घरं आपली, अकरा त्याची. बरोबरी झाली तर अध्यक्ष म्हणेल ते खरं. सभा तीन नोव्हेंबरला आहे. ज्या घराच्या धुराड्यातून धूर निघतो त्याच घराला मत, हा नियम तुला ठाऊक आहे. तू ये, बंद घर उघड, चूल पेटव. मला त्या माणसाचं पडलेलं तोंड पाहायचं आहे.

लोभ आहे, तो उणा होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

बिएल, स्वित्झर्लंड
३० ऑगस्ट १९९६

ती. ताईस साबेलाचा सा. न. वि. वि.

नियम मला पाठ आहे. १९८१ साली मी गाडीत बसले आणि त्याच आठवड्यात एवारिस्तोने सभेच्या वहीतून माझं घर खोडलं, धूर निघत नाही म्हणून. त्याच्या सहीखाली तुझ्या नवऱ्याची सही होती, आणि पेन तू पुढे केलंस. पोस्टमनच्या बायकोने मला तेव्हाच कळवलं होतं. तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस, दरवर्षी चेस्टनटचं पोतं तेवढं पाठवत राहिलीस. मी ते न उघडता शेजारणीला देते. आज तुला मत हवं, तेव्हा बहीण आठवली.

हॉटेलच्या चादरी धुणाऱ्या बाईला मागेल तेव्हा रजा मिळत नाही. करडीच्या आईला मी बाटलीने दूध पाजलं होतं. तुझं पत्र वाचल्यावर दिवसभर चादरींच्या घड्या उलट्या घातल्या.

शिंगराचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. तेवढं लिही.

कळावे. लोभाचं मग पाहू.
साबेला

वाल्देतोशो
१५ सप्टेंबर १९९६

चि. साबेला हिस अनेक आशीर्वाद.

शिंगरू जगलं. दुसऱ्या एका घोडीने त्याला जवळ केलं.

पेन मीच पुढे केलं. अंथरुणाला खिळलेली आई माझ्या गळ्यात टाकून तू निघून गेलीस, त्याचा मी सूड घेतला. माफी मागत नाही, कारण तू देणार नाहीस, आणि मीही दिली नसती.

तुझं धुराडं झाडून घेतलं आहे. किल्ली दाराजवळच्या दगडाखाली आहे. करडीच्या पायातला ओंडका मी काढून आणला, तो तुझ्या चुलीजवळ ठेवला आहे.

लोभ असो वा नसो, ये.
ताई

वाल्देतोशो, समोरचं घर
४ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस साबेलाचा सा. न. वि. वि.

काल सभेत तू रडत होतीस, तुला निम्मं दिसलं नसेल, म्हणून लिहिते. ही तर आठ दिवसांची पाहुणी, हिला कसलं मत, असं एवारिस्तो म्हणाला. मी जुनी वही मागितली आणि त्याच्याच अक्षरातली ओळ त्यालाच मोठ्याने वाचायला लावली: "ज्या घरातून धूर, त्या घराला मत." किती दिवसांचा धूर, हे लिहायचं त्याला सुचलंच नव्हतं, माझं घर खोडायची घाई होती ना त्याला. मग मी खिडकी उघडली. माझ्या घराचा धूर सगळ्यांनी पाहिला. बारा विरुद्ध अकरा. तुला हवं होतं ते तोंड मी अगदी जवळून पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

सभेला निघताना मी करडीचा ओंडका चुलीत घातला होता. तो धूर त्या ओंडक्याचा होता.

नोकरी सोडून आले आहे, आता जाणार नाही. तुला माफ केलेलं नाही. रोज सकाळी तुझ्या स्वयंपाकघरातून तुला माझा धूर दिसेल, आणि तो तू मरेपर्यंत पाहायचा आहे. उत्तर पोस्टमनच्या हाती पाठव, माझं दार वाजवू नकोस.

चेस्टनटचं पोतं मात्र उंबऱ्यावर ठेवलंस तर चालेल. इथे ते देऊन टाकायला दुसरी शेजारीण नाही.

कळावे. लोभाचं अजून ठरलेलं नाही.
साबेला