दातपट्टीची स्लाइड

२ जुलै
रुजू झालो. बारामतीचं कॉलेज, प्राणिशास्त्राचं म्युझियम, कपाटाची किल्ली माझ्या खिशात. इंदापुरात चष्म्याचं दुकान चालवता चालवता भिंगाखाली गोगलगायी शिकलो. डिग्री नाही, तरी विभागप्रमुख ज्योत्स्ना मॅडमनी मलाच बोलावलं. खोली पिंपळीला, आबाजींकडे. जेवताना ते म्हणाले, "गोगलगायीचं दात बघाया पगार देत्यात व्हय तुमाला?" हसलो. पण दातांवरूनच कूळ ठरतं, हे त्यांना नीट समजावलं.

५ जुलै
कोकणातून आलेली बरणी उघडली. स्पिरिटमध्ये दोन समुद्री गोगलगायी. बिनशंखाच्या, काळपट, पाठीवर मागे कल्ल्यांचं फूल. एकीचा तोंडाचा भाग कापून कॉस्टिक सोड्यात ठेवला. मांस विरघळतं, जिभेवरची बारीक दातांची पट्टी, दातपट्टी, तेवढी उरते.

६ जुलै
बशीत काहीच नव्हतं. धुताना बेसिनमध्ये गेली असणार, आणि माझ्यासारख्याच्या हातून. मॅडम दुपारी बघायला येणार होत्या. पिंपळीला जाऊन आबाजींच्या उसातली गोगलगाय आणली, कॉस्टिकमध्ये उकळून तिचीच दातपट्टी स्लाइडवर लावली. मॅडम म्हणाल्या, कुंडलिकराव, असा हात डिग्रीवाल्यांचाही नाही. मान वर करवेना.

९ जुलै
पुस्तकात सापडलं. तोंडाची नळी, दात अजिबात नाहीत, हेच या समुद्री गोगलगायींच्या कुळाचं लक्षण. म्हणजे माझ्या हातून काही गेलंच नव्हतं. रिकामी बशी हेच बरोबर उत्तर होतं. मॅडमनी तर दातवाली नवी जात म्हणून दोघांच्या नावानं लेख लिहायला घेतलाय. सांगायला गेलो. चहा पिऊन परत आलो.

१२ जुलै
उरलेल्या गोगलगायीच्या बरणीला आतून ओरखडे. बारीक, ओळीनं, एकसारखे. ती मेलेली आहे. मी स्वतः तपासलीय.

१३ जुलै
भाकरी चावताना दाढ निघून आली. दुखलं नाही, रक्त नाही. मुठीत लपवली. आबाजींच्या घरच्या सारजावहिनी ओशाळून म्हणाल्या, "कडक झाली व्हय भाकरी?" मी हो म्हणालो.

१५ जुलै
आणखी दात गेले. तोंडावर रुमाल बांधून हिंडतोय. बरणीतलीला भिंग लावलं — तोंडात दात. पिवळे, माणसाचे. पुढच्या दाताची कपची उडालेली, तो माझाच —

१६ जुलै
एकही उरला नाही. सगळं कबूल करायला गेलो, तर नळीतून हवा सुटावी तसा आवाज. मॅडमनी रुमाल काढायला लावला. बराच वेळ आत पाहिलं. भिंग आणायला गेल्यात. हे त्यांना कुणीतरी सांगा — दात नसणं हेच त्या कुळाचं —