पेट्रोल भरेपर्यंत

बाई,

निजामाच्या राज्यात तुमची फिरत्या दवाखान्याची मोटार डोंगरकड्याला यायची, तेव्हा गाव तिला दवाखाना म्हणत नव्हतं, घर म्हणायचं. आत दोन बाकं, त्यांतल्याच एकावर तुम्ही निजायच्या. औषधांचं कपाट, कोपऱ्यात स्टोव्ह, दाराला पडदा. चाकांवरच्या घरात एकटी बाई राहते, याचंच आम्हाला नवल. त्या दुपारी मी त्या बाकावर पडले होते. पहिलं बाळंतपण, लेकरू पोटात आडवं. सुईणीनं हात टेकले होते. तुम्ही पोट चाचपलं अन् म्हणालात, "हिंगोलीला न्यावं लागेल. आत्ताच."

गाव मागं पडलं अन् ड्रायव्हरनं मोटार थांबवली. टाकी तळाला गेली होती. मागं बांधलेले पेट्रोलचे डबे सोडता सोडता तो म्हणाला, "बाईसाब, इंजिन बंद मत करवाओ. फिर उठेगा नहीं."

"बंद करा," तुम्ही म्हणालात. खदखदत्या पाण्याखालचा स्टोव्ह विझवलात. "सगळे खाली उतरा. हिलाही उतरवा."

माझे सासरे भडकले. "बाई, पोरगी मरून राहिली अन् तुमी तिला काहून उतरवता?"

"पेट्रोलला एक ठिणगी पुरते, मामा. पेटलं तर तुम्ही पळाल. हिला पळता येणार नाही."

आमच्या मालकांच्या तोंडात बिडी होती. ती तुम्ही स्वतः काढून मातीत चिरडली. कुणाचं न ऐकणारा माणूस, मुकाट्यानं दूर जाऊन उभा राहिला.

मला घोंगडीत घालून बाभळीखाली आणलं. तुम्ही मातीतच बसलात, माझं डोकं मांडीवर घेतलंत. "जोर करू नको. नुसता श्वास घे." मी बघतेय, ड्रायव्हर नरसाळं लावून ओततोय, अन् डबा त्याच्या हातातून निसटतो. पेट्रोल मोटारीच्या अंगावरून वाहत दाराच्या पायरीवर येतं. त्याच दाराच्या आत घटकेपूर्वी स्टोव्ह पेटलेला होता. सासरे खालीच बसले. तुम्ही "बघा, सांगत होते" असं म्हणाला नाहीत. सांडलेल्या पेट्रोलवर माती टाकायला लावलीत, दारं-खिडक्या उघडायला सांगितलंत अन् वास विरेपर्यंत आम्हाला थांबवलंत. सगळ्यांची घाई तुमच्या डोक्यावर, अन् तुम्ही बसलेल्या. एवढं निश्चल माणूस मी नंतर कधी पाहिलं नाही.

पुढं हँडल मारलं तर इंजिन खरंच उठेना. सासरे अन् मालक आळीपाळीनं हँडल मारून घामाघूम झाले. तेव्हा माझ्या कपाळावरचा तुमचा हात थरथरत होता. मी वर पाहिलं, चेहरा तसाच शांत. तुम्हालाही भीती वाटत होती, हे मला त्या हातानं सांगितलं, अन् माझी भीती कुठल्या कुठं गेली. मग इंजिन गुरगुरलं.

लेक हिंगोलीत झाली. उशिरा रडली, पण रडली. आता ती सेनगावच्या शाळेत शिकवते. म्हातारपणी तिनंच मला अक्षरं गिरवायला लावली, म्हणून हे लिहिता येतंय.

तुम्ही गेल्याचं मला हिंगोलीच्या दवाखान्यातल्या एका जुन्या आयाबाईकडून फार उशिरा कळलं. हा कागद पाठवायचा कुठं? अन् पाकिटावर लिहायचं तरी काय? त्या आयाला तुमचं नाव विचारावं, असं ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही. मला तुम्ही नुसत्या बाईच हव्या होतात.