निळ्या शर्टाची बाही

सूनबाई,

काल तू रडत दार लावून घेतलंस, म्हणून तोंडाने बोलायचा धीर झाला नाही. आता शिवणवर्गाला निघालेय, दुपारी येईन.

चिंध्यांच्या गाठोड्यात त्याचा निळा शर्ट दिसला. मला वाटलं, गोधडीसाठी तूच टाकलास. तू तो माझ्यापासून लपवला होतास, हे ध्यानातच आलं नाही गं. लपवलास ते बरोबरच होतं. तो गेल्यावर पोटच्या पोराचे सगळे कपडे घाईघाईने वाटून टाकणारी मीच.

एक बाही कापली गेली. बाकी कुठे कात्री लागलेली नाही, नुसत्या शिवणी उसवल्यात. सगळे भाग तुझ्या पलंगावर ठेवलेत. म्हणशील तर पुन्हा शर्ट शिवून देईन. बाहीला जोड दिसेल तेवढा.

आणि गोधडीच हवी असेल, तर मधला चौकोन रिकामा सोडलाय. छातीकडचा भाग तिथे खिशासकट बसतो. खिशावरचा शाईचा डाग मी धुतलेला नाही.

ओट्यावर जेवण झाकून ठेवलंय, उपाशी राहू नकोस. सुई ओवून ठेवलीय. वाटलं तर पहिला टाका तू घाल, नाहीतर सुई डबीत ठेवून दे. मी काही विचारणार नाही.

— आई