पांढऱ्या पेशी

१० मे १९९५, बुधवार
दादा दुपारी मनीला घेऊन थेट सांगलीला दवाखान्यात, माझ्या लॅबच्या दारातच आला. तासगावहून जीपमध्ये आडवी घालून. परवापासून ताप, उलट्या. "आत्या, डोकं फुटतंय गं," एवढंच बोलली. दहावीची परीक्षा दिलेली पोर. १ मेच्या सुट्टीला गेले होते तेव्हा द्राक्षबागेच्या हौदात सूर मारून दाखवत होती मला. वहिनी म्हणते, सोमवारी आमटीचा वासच येत नाही म्हणाली.
संध्याकाळी डॉ. कु.नी पाठीतून पाणी काढलं. गढूळ. मीच तपासलं. पांढऱ्या पेशी भरमसाट, जंतू दिसले नाहीत. सही केली. मेंदूज्वर. इंजेक्शनं सुरू.

११ मे, गुरु.
ताप तसाच. मान लाकडासारखी. मला ओळखलं नाही. वहिनीला "मॅडम" म्हणाली. वहिनी हसायला गेली, मग तोंडात पदर कोंबला.
डॉ. कु. दुपारी दादाला विचारत होते, पोहायला जायची का?
"रोजच. बागंच्या हौदात. उनानं पानी निस्तं कोमट."
"नाकात पाणी जायचं?"
"सूर मारल्यावर जानारच की सायेब."


१२ मे, शुक्र.
सकाळी पुन्हा पाणी काढलं. डॉ. म्हणाले, "शोभाताई, फ्रिजमध्ये ठेवू नका, रंगवू नका. ताजं बघा. काही हलतंय का बघा."
एक पेशी सरकली. वाटलं, माझाच हात टेबलाला लागला. हात मांडीवर घेतले. मग दुसरी सरकली. एका बाजूने फुगवटा काढायचा, बाकीचं अंग त्यात ओतायचं. अमीबा. १७ वर्षांच्या नोकरीत पाठीतल्या पाण्यात कधी पाहिला नव्हता.
बुधवारची रंगवलेली काच काढली. त्यातही तेच. मी पांढऱ्या पेशींत मोजले होते.
बुधवार संध्याकाळ ते शुक्रवार सकाळ.
डॉ.ना सांगितलं. त्यांनी काच स्वतः पाहिली, म्हणाले, हौदाच्या कोमट पाण्यातून नाकावाटे मेंदूत जातो हा. "चुकतं. कुणाचंही चुकलं असतं." दादाला रोग सांगितला, बुधवारची चूक सांगितली नाही. त्यांनीही, मीही.
औषध सांगलीत नाही. पुण्याहून एस.टी.च्या कंडक्टरबरोबर येणार.

१३ मे, शनि.
११ वा. औषध आलं, लगेच लावलं. तासाभरात थंडी भरून सगळं अंग उडायला लागलं. दोनदा फिट. दादा खाटेची दांडी धरून उभा. तिला धरायची भीती वाटते म्हणाला.
जेवायला बाहेर नेलं त्याला. अर्धी भाकरी तशीच. "शोभे, तू हायस म्हनून रोग तरी कळला. न्हाईतर आमाला काय कळनार."
सांगणार होते तेवढ्यात तो उठून हात धुवायला

१४ मे
डोळ्यांवर बॅटरी मारली, बाहुल्या हलत नाहीत. वहिनी तिची वेणी घालत बसली. घट्ट घालू नका, मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

१५ मे, सोम.
मनी गेली. दु. ३.४०

१९ मे
कामावर. आज पाठीतल्या पाण्याची एक बाटली आली, एका म्हाताऱ्याची. तीनदा पाहिली. सही करवेना. शेवटी डॉ. कु.ना बोलावून आणलं.

२७ मे, शनि.
तेरावं. तासगाव. बायका पांगल्यावर वहिनीने चुलीपाशी गाठलं.
"वन्सं, पयल्याच दिशी कळलं असतं तर वाचली असती का वो?"
"माहीत नाही."
हे खोटं नाही. डॉ. म्हणतात, यातून कुणी वाचल्याचं त्यांनी ऐकलेलं नाही. पण पहिल्याच दिवशी ते माझ्या काचेवर होतं, हे तिला सांगितलं नाही. माझा हात हातात घेऊन बसली. तिचा हात गरम होता. माझा सोडवून घ्यावासा वाटला.

३१ मे, बुध.
दादा आला. खांद्याच्या पिशवीत शरबताची बाटली, त्यात हौदाचं पाणी. हौद रिकामा केला नाही, छाटणीनंतर बागेला पाणी तोडता येत नाही. पण वस्तीवरच्या पोरी त्यातच उतरतात, काठी घेऊन कितीदा हाकलणार.
"तूच बघ. त्यात हाईत का न्हाईत सांग. तुज्या डोळ्यांवर माजा भरवसा हाय."
म्हटलं, पोरींना उतरू देऊच नको, मला दिसलं नाही तरी.
"व्हय. पर तू बघ."
एक थेंब काचेवर घेतलाय. डोळा लावलाय दोनदा. काहीतरी हललं, किंवा
दादा बाहेर बाकावर बसलाय.