मागच्या सीटची झळ

मोंतेसेक्को, ६ जुलै

चि. लोरेदाना हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून जिवाला घोर लागला आहे. मोटरसायकलने उजवी मांडी भाजते, बोलोन्याच्या सिग्नलला बगळ्यासारखी एका पायावर उभी राहते, असं लिहिलंस. थट्टा पुरे. चट्टा उठलाय का? काही लावलंस का? इंजिनाचं मागचं सिलिंडर नेमकं मांडीखाली येतं, गाडी थांबली की ते तापणारच. तेल बदललंस ना? सिग्नल लांबला तर इंजिन बंद करत जा.

ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून पाठवतो आहे. सिलिंडर आणि मांडी यांच्या मध्ये बसव, पण सिलिंडरला चिकटू देऊ नकोस. मधून वारा खेळला पाहिजे. गरम हवा मागच्या सीटखालून निघून जाईल. मागे कोण बसतंय तुझ्या?

शेजारची निवेस म्हणते, पोरगी पस्तिशीची झाली, म्हातारा अजून तिचे पाय पुसतोय. म्हणू दे. गेल्या वर्षी ऑगस्टात मेरीमातेच्या सणाला तू उन्हामुळे आली नाहीस. अंगणात टेबल मांडलं ते मी एकट्यानेच आत घेतलं. यंदा पत्रा बसव आणि ये.

लोभ आहेच, तो वाढवायला सवड काढ.

तुझा बाबा

बोलोन्या, २१ जुलै

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्रा बसवला. मांडी आता गार असते, बगळा दोन्ही पायांवर आला.

एक सांगायचं राहून गेलं होतं. माझ्या मागे कोणीतरी बसतं. त्याचं नाव इवानो, बेकरीत काम करतो, ईस्टरपासून आमचं जमलं आहे. तुम्ही मागे काढून दिलेली सगळी गरम हवा त्याच्या पोटऱ्यांवर जाते. तो म्हणाला, सासरेबुवांनी तोंड बघण्याआधीच शेकून काढलं. हसत होता, पण पोटरी लाल झाली आहे.

सणाला त्याच्या आईने आम्हाला चेर्वियाला, समुद्रावर बोलावलं आहे. पहिलंच बोलावणं, नाही म्हणवत नाही. रागावू नका. निवेसकाकूंकडे जेवायला जा.

माया असू द्या, माझ्यावर आणि जमल्यास त्याच्यावरही.

तुमची लोरेदाना

मोंतेसेक्को, ३० जुलै

चि. लोरेदाना हिस आशीर्वाद. इवानोला काय म्हणून लिहायचं ते सुचेना, म्हणून त्यालाही यातच बसवला.

रागावलो नाही. मागची सीट रिकामी धरूनच मी पत्रा वाकवला. दुसरा तुकडा पाठवतो आहे. पहिल्याच्या मागच्या कडेला स्क्रूने जोड, म्हणजे हवा बाहेर रस्त्याकडे वळेल. त्याला म्हणावं, अर्धी चड्डी घालून बसू नकोस. पोटरीवर गार पाणी धर, लोणी मुळीच नको. बेकरीवाला आहे, चोपडेल.

चेर्वियाचा रस्ता सपाट आहे, गाडी धावती राहील, झळ लागणार नाही. इकडे नुसता चढ, आणि पुढे एखादा ट्रॅक्टर. इंजिनाला समुद्रच बरा, हे मलाही कळतं. तरी उन्हाआधी निघा.

निवेसकडे जाणार नाही. तिची सगळी मुलं येणार आहेत.

ऑक्टोबरात इथे चेस्टनट पडतात. घाटात गुडघे गारठतात तेव्हा. दोन्ही पत्रे काढून या, दोघांनाही ऊब लागेल. कधी येणार ते कळवायला जमलं नाही तरी चालेल. मी घरीच असतो.

तुझा बाबा