काजळओहोळचा निरंक पाऊस

दिनांक : १८ ऑगस्ट २००९

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पर्जन्यमापन व पूरसूचना विभाग,
नाशिक.

विषय : काजळओहोळ केंद्राचे (ता. इगतपुरी) पर्जन्यनिरीक्षक श्री. सहादू रावजी भांगरे यांना १ सप्टेंबरपासून कामावरून कमी करण्याचा प्रस्ताव रद्द करण्याबाबत, आणि केंद्रावरील मोबाइल राऊटर व 'निरंक' या नोंदीबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची नोटीस, दि. २४ जुलै २००९.
२) माझी टिपणे, दि. २२ जून, ३ जुलै व १७ जुलै २००९ (तिन्हींना उत्तर नाही).

महोदय,

मी आपल्या विभागात एकोणीस वर्षे वैज्ञानिक सहायक म्हणून काम करते. रजेखेरीज कशासाठीही आजवर अर्ज केलेला नाही, म्हणून मांडणीत काही चुकल्यास समजून घ्यावे. मजकुरात चूक नाही. प्रत्येक आकडा मी स्वतः तपासला आहे.

१. काजळओहोळच्या केंद्रावर श्री. भांगरे बावीस वर्षे पाऊस मोजत आहेत. सकाळी साडेआठला, आणि पावसाळ्यात दर तासाला. पूर्वी ते आकडा चिठ्ठीवर लिहून एसटीच्या कंडक्टरजवळ देत, नंतर गावात फोन आल्यावर फोनवर सांगत. दोन्ही पद्धतींत आकडा उशिरा येई, पण येई. बावीस वर्षांच्या नोंदवहीत खाडाखोड एकाच पानावर आहे, आणि तिच्याशेजारी त्यांनी 'हात थरथरला, ताप होता' असे लिहून सही केली आहे.

२. यंदा १ जूनपासून केंद्रावर सिमकार्डावर चालणारा इंटरनेटचा राऊटर बसवण्यात आला. निरीक्षकाने आकडा बटणांवर टाकायचा, राऊटरने तो नाशिकच्या नियंत्रण कक्षातील संगणकावर पोचवायचा, अशी योजना. त्याच दिवशी फोनवरून आकडे स्वीकारणे बंद करण्याचे परिपत्रक निघाले. राऊटर चालतो की नाही हे पाहण्यापुरते तरी दोन आठवडे फोन चालू ठेवावा, असे मी तोंडी सुचवले होते. त्यावर "मॅडम, दोन दोन पद्धती ठेवल्या की माणसं जुनीच वापरतात," असे उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्याचे म्हणणे बरोबर होते. माणसे चालणारी पद्धत वापरतात.

३. राऊटरला सौर बॅटरी असल्याने तो स्वतः कधी बंद पडत नाही. रेंज गेली की त्याचा हिरवा दिवा पिवळा होतो आणि तो टॉवर शोधत बसतो. कंपनीच्या मदत केंद्राने आजवर पुढील उपाय सांगितले : बंद करून चालू करा, खिडकीत ठेवा, पत्र्यापासून दूर ठेवा, उंच धरा. श्री. भांगरे यांनी सर्व केले. शेवटच्या उपायासाठी त्यांनी राऊटर खताच्या रिकाम्या पिशवीत घालून बांबूच्या टोकाला बांधला, आणि त्यांच्या पत्नी कुसाबाई तो बांबू धरून पाऊण तास पावसात उभ्या राहिल्या. दिवा पिवळाच राहिला. मी त्या दिवशी तपासणीसाठी तेथे होते. कुसाबाई मला म्हणाल्या, "बाई, याच्यापरीस कोंबडा बरा. पावसात बी आरवतो, आन् त्याला बांबूवर धरावा लागत नाय." तांत्रिक अहवालात मला याहून नेमके वाक्य लिहिता आले नाही.

मदत केंद्राचा आणखी एक नियम आपल्या निदर्शनास आणते. रेंज नसल्याची तक्रार त्याच सिमकार्डाच्या क्रमांकावरून नोंदवावी लागते. म्हणजे रेंज नाही हे सांगायला रेंज हवी. ती आल्यावर तक्रार नोंदवली, तर "सध्या आपल्या भागात सेवा सुरळीत आहे" असे कळवून तक्रार बंद केली जाते. अशा सतरा तक्रारी निकाली निघाल्या असून कंपनीच्या मासिक अहवालात त्या 'शंभर टक्के निराकरण' या शीर्षकाखाली आहेत. तो अहवाल आपल्या कार्यालयाने कौतुकाच्या शेऱ्यासह फिरवला.

४. कंपनीचे अभियंता श्री. मयूर देवरे २ जुलै रोजी केंद्रावर आले. आठ दिवसांनी ऊन पडले होते. राऊटरवर चारही काड्या होत्या. त्यांनी 'दोष आढळला नाही' असे लिहिले. श्री. भांगरे त्यांना म्हणाले, "साहेब, दुखणं बरं झाल्याव डाक्टर यावा तसं हाय तुमचं. पाऊस लागला का या, मुक्कामालाच या." श्री. देवरे हसले, चहा घेतला आणि गेले. पाऊस लागल्यावर आले नाहीत.

५. पावसामुळे रेंज जाते, असे सर्वजण म्हणतात. ते शास्त्रीयदृष्ट्या खरे नाही. मोबाइलच्या लहरी टॉवरपासून गावापर्यंतच्या थोड्या अंतरात पावसाच्या थेंबांनी अडत नाहीत. म्हणून मी केंद्रावर एक वही ठेवली आणि वीज केव्हा गेली व रेंज केव्हा गेली हे श्री. भांगरे यांना लिहायला सांगितले. जून-जुलैत अकरा वेळा रेंज गेली. अकराही वेळा आधी गावाची वीज गेली होती, आणि त्यानंतर कमीत कमी एक तास पन्नास मिनिटांनी, जास्तीत जास्त दोन तास दहा मिनिटांनी रेंज गेली. टॉवरची बॅटरी दोन तास टिकते आणि त्याच्या जनित्रात डिझेल नसते, एवढाच याचा अर्थ आहे. इगतपुरीच्या बाजूला जोराचा पाऊस झाला की वीज जाते. म्हणजे ज्या दिवशी आकडा हवा, नेमक्या त्याच दिवशी तो येणार नाही, अशी ही यंत्रणा आहे. वर्षातले आठ महिने, जेव्हा मोजण्यासारखे काही नसते, ती उत्तम चालेल.

हे मी ३ व १७ जुलैच्या टिपणांत तक्त्यासह मांडले. टिपणे कंपनीकडे अभिप्रायार्थ गेल्याचे मला शिपायाकडून समजले. कंपनीने कळवले आहे की अतिवृष्टी ही नैसर्गिक आपत्ती असून त्या काळात सेवेची हमी लागू नाही. पाऊस मोजण्यासाठी घेतलेल्या यंत्राला पाऊस पडल्यास हमी नाही, हे वाक्य या विभागात कोणीतरी वाचले, त्यावर 'पाहिले' असे लिहिले आणि ते नस्तीत लावले. मला याची किळस येते. हा शब्द शासकीय पत्रात बसत नाही हे मला माहीत आहे. दुसरा शोधला, मिळाला नाही.

६. मंगळवार, १४ जुलै. सकाळी ११ वाजता वीज गेली, १२ वाजून ५८ मिनिटांनी रेंज गेली. दुपारी दोनपर्यंत १६८ मि.मी. पाऊस झाला होता. श्री. भांगरे यांनी मापनाचे काम कुसाबाईंना समजावून दिले आणि गावातला फोनही त्या दिवशी बंद असल्याने आकडा घेऊन ते नऊ किलोमीटर चालत इगतपुरीला आले. स्टेशनाबाहेरच्या एसटीडी बूथवरून त्यांनी ४ वाजून ३५ मिनिटांनी नियंत्रण कक्षाला फोन केला. झालेले बोलणे त्यांनी मला जसेच्या तसे सांगितले, आणि कक्षातील कर्मचाऱ्यानेही ते नाकारलेले नाही.

"काका, आकडा फोनवर घ्यायचा नाही असं पत्र आहे. राऊटरवर टाका."

"राऊटरला टावर नाय म्हनून तर हितवर चालत आलोय."

"मग टॉवर आला की टाका."

"टावर येईस्तवर पानी थांबल का? त्याला बी पत्र धाडा मंग."

येथे फोन बंद झाला. बूथच्या पावतीवर कालावधी तीन मिनिटे बारा सेकंद आहे. १६८ हा आकडा लिहायला मला दोन सेकंद लागतात.

पाच वाजता आपल्या विभागाचे पूरपत्रक निघाले : 'काजळओहोळ : दुपारी एकनंतर पाऊस निरंक. खालच्या गावांना इशाऱ्याची आवश्यकता नाही.' पाच वाजून पन्नास मिनिटांनी खालच्या वाडीजवळच्या नदीवरील फरशी पुलावरून पाणी गेले. शाळेची मुले घेऊन जाणारी एसटी पंधरा मिनिटे आधी फरशी ओलांडून गेली होती. कोणी मेले नाही, म्हणून चौकशी झाली नाही.

७. चौकशी झाली ती श्री. भांगरे यांची. संदर्भीय नोटिशीत म्हटले आहे की, ज्याअर्थी शेजारच्या दोन केंद्रांवर १४ जुलैच्या सकाळपासून १५ जुलैच्या सकाळपर्यंत अनुक्रमे २८७ व ३०१ मि.मी. पाऊस झाला, आणि ज्याअर्थी काजळओहोळची दुपारी एकनंतरची नोंद 'निरंक' आहे, त्याअर्थी निरीक्षक केंद्रावर गैरहजर होते. म्हणजे त्या 'निरंक'चा अर्थ नदीसाठी 'पाऊस पडला नाही' असा झाला, आणि दहा दिवसांनी श्री. भांगरे यांच्यासाठी 'पाऊस पडला, पण तुम्ही नव्हता' असा. त्यांच्या वहीत त्या चोवीस तासांचे सर्व आकडे आहेत. एकूण ३१२ मि.मी. मापनपात्र भरून वाहू नये म्हणून किती वेळा रिकामे केले, तेही लिहिले आहे. दुपारी दोननंतरच्या पाच नोंदींचे अक्षर वेगळे आहे, कारण ते कुसाबाईंचे आहे. गैरहजर माणसाच्या घरातून कोणी इतके हजर राहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

८. खुलासा सात दिवसांत 'केंद्रावरील प्रणालीद्वारेच' सादर करावा, अशी नोटिशीतील अट होती. २९ जुलै रोजी मी स्वतः काजळओहोळला गेले. श्री. भांगरे सांगत गेले, मी बटणे दाबत गेले. चार ओळींना चाळीस मिनिटे लागली. पाठवताना दिवा पिवळा झाला. रेंज परतली तेव्हा लिहिलेले पुसले गेले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ७ ऑगस्टच्या कार्यालयीन तक्त्यात त्यांच्या नावापुढे नोंद आहे : 'खुलासा : निरंक.' याच नोंदीच्या आधारे त्यांना कमी करण्याचा प्रस्ताव आपल्या सहीसाठी ठेवला आहे.

९. यापुढील परिच्छेद माझ्याविषयी आहे, आणि तो लिहायला मला अकरा दिवस लागले.

मे महिन्यात श्री. देवरे आपल्या कार्यालयात बसून संगणकाचा प्रोग्रॅम तयार करत होते. त्यांनी मला विचारले, "मॅडम, एखाद्या तासाला केंद्रावरून काहीच आलं नाही तर रकान्यात काय टाकू? रिकामं ठेवलं तर प्रोग्रॅम अडतो." मी दुसऱ्या टेबलावर आलेख तपासत होते. मान वर न करता मी म्हणाले, "निरंक टाका."

माझ्या मनात शब्दाची फोड होती : निर् अधिक अंक. अंक आलेला नाही. शून्य हा अंक आहे, ते मोजून मिळते. निरंक म्हणजे मोजमाप हाती नाही. पण कार्यालयात हा शब्द या अर्थाने चालत नाही. तक्रारी निरंक, अपघात निरंक, प्रलंबित प्रकरणे निरंक : कुठे काही घडलेले नाही, निश्चिंत असा, एवढेच त्यातून वाचले जाते. एकोणीस वर्षे असे तक्ते मी स्वतः भरले आहेत. मला हे ठाऊक असायलाच हवे होते. शून्य आणि अज्ञात यांतला फरक मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकले आणि विभागाच्या यंत्रणेत तो एका शब्दाने पुसून टाकला. कंपनीविषयी, टॉवरविषयी, परिपत्रकाविषयी वर जे लिहिले आहे त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण रेंज नसलेल्या तासाला 'पाऊस नाही' असे वाचायला लावणारा शब्द माझा आहे, आणि त्याची शिक्षा ज्याला होत आहे त्याने तो आयुष्यात कधी वापरलेला नाही. पाऊस नसला की श्री. भांगरे वहीत 'पडला नाही' असे लिहितात.

१०. तरी विनंती की, श्री. भांगरे यांच्यावरील नोटीस व प्रस्ताव रद्द करावा. प्रोग्रॅममधील शब्द बदलून 'संदेश आला नाही' असा करावा आणि फोनवरून आकडे घेणे आजपासून सुरू करावे, याही मागण्या आहेत. पण त्यांना वेळ लागणार असेल तर लागो. पहिल्या मागणीला १ सप्टेंबरच्या पुढे वेळ नाही. नोटीस रद्द करण्याची तरतूद नसेल, तर तिच्यातील नाव बदलावे आणि माझे घालावे. माझा खुलासा वर दिलाच आहे.

हा अर्ज मी प्रणालीद्वारे पाठवलेला नाही. श्री. भांगरे पहाटेच्या गाडीने आले आहेत. आम्ही दोघे आवक-जावक टेबलासमोरच्या बाकावर बसलो आहोत.

कळावे, आणि कळल्याची सही-शिक्क्यासह पोच याच प्रतीवर मिळावी.

आपली नम्र,

(इंदिरा यज्ञेश्वर गायधनी)
वैज्ञानिक सहायक, एम.एस्सी. (भौतिकशास्त्र)

सोबत :
१) वीज व रेंज जाण्याच्या अकरा वेळांचा तक्ता.
२) एसटीडी बूथची पावती, दि. १४ जुलै २००९, वेळ ४.३५.
३) केंद्राच्या वहीतील १४ व १५ जुलैची पाने (मूळ प्रत; पाहून परत करावी, वही अजून चालू आहे).
४) श्री. सहादू रावजी भांगरे यांचा खुलासा, स्वहस्ताक्षरात, चार ओळी : "मी हजर होतो. पाऊस ३१२ झाला. मी सांगायला आलो होतो. तुम्ही घेतला नाही."