शेवटची चार बोटं

४ फेब्रुवारी

चि. भिंगास, ताईचे गालगुच्चा घेऊन आशीर्वाद.

बिट्टीचं ऑपरेशन झालं. अकरा दिवसांची पोर, आणि पोटावर पिशवी! कापलेल्या आतड्याचा तुकडा तुमच्या प्रयोगशाळेला द्यायचा म्हणून कागदावर सही केली. त्यात एक रकाना होता, संशोधन करणाऱ्यांपैकी कुणाशी नातं आहे का. मी ठसक्यात लिहिलं, हो, सख्खी बहीण, लहानपणी माझे फ्रॉक फाडायची. नर्सबाई हसल्या. तेवढंच हसू झालं इथे.

सासूबाई म्हणतात, नऊ महिने शिलाई मशीनवर वाकून बसलीस म्हणून पोरीचं आतडं आवळलं. वरवर मी मान हलवते, पण आतून खातं गं ते मला. तू काचेखाली बघ आणि खरं काय ते सांग. मी कुठे चुकले का?

आहेस तशीच राहा.
ताई

१२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सासूबाईंना सांग, मशीन निर्दोष आहे आणि तूही. आतड्याला स्वतःच्या नसा असतात. मूल पोटात असताना त्यांच्या पेशी मानेकडून निघतात आणि आतड्यातून चालत पार खालपर्यंत जातात. बिट्टीच्या पेशी शेवटच्या चार बोटांआधीच थांबल्या. तुझ्या भाषेत, शिवण टोकापर्यंत आलीच नाही. नस नाही तिथे आतडं पुढे ढकलत नाही, सगळं वर तुंबतं. आणि ही चाल दुसऱ्या महिन्यातच आटोपते. तेव्हा तर तू दिवस गेल्याचं कुणाला सांगितलंही नव्हतंस.

बरणीवर नुसता क्रमांक घालायचा असतो. मी कोपऱ्यात हळूच 'भा' लिहिलंय, भाचीचा. तिच्या एका जनुकात चूक सापडली आहे. ती निरोगी माणसांत नसते ना, हे ताडून बघायला रक्त कमी पडलं. मग आमच्याकडे करतात तसं मीच दंड पुढे केला. तुझी बहीण आता कागदोपत्री निरोगी आहे, बरं का!

मायेत कपात नको.
भिंग

२० सप्टेंबर

चि. भिंगास आशीर्वाद.

बिट्टी जाऊन तीन महिने झाले. पोटात जंतुसंसर्ग झाला आणि दीड दिवसात सगळं आटोपलं. तिची टोपडी अजून मशीनच्या खणात आहेत. हे म्हणतात, आणखी एक होऊ दे. मला धीर होत नाही.

डॉक्टर म्हणाले, घराण्यात आहे का ते तपासून घ्या. मी म्हटलं, घरातच तपासणारी बसली आहे, परक्याकडे कशाला जाऊ? आपल्या रक्तात आहे का हे, भिंग? हो म्हणालीस तर हा विषय बंद. तू म्हणशील ती पूर्व दिशा.

ताई

२ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कामाचा डोंगर आहे. आपल्या रक्तात काही नाही. बिट्टीचं नशीब, एवढंच. निर्धास्त राहा, आणि तपासण्यांच्या नादी लागू नकोस.

भिंग

९ ऑगस्ट

ती. ताईस,

नमस्कार लिहायला हात वळत नाही. तुझ्या नव्या बाळाचंही ऑपरेशन झाल्याचं कळल्यापासून फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवला.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या रक्तात बिट्टीचीच चूक निघाली होती. मी वहीत लिहिलं, 'नळ्यांची अदलाबदल झाली', आणि निकाल रद्द केला. पुन्हा रक्त द्यायला हवं होतं. दिलं नाही, कारण अदलाबदल झालेली नाही हे मला ठाऊक होतं. माझ्यात आणि बिट्टीत एकच चूक, म्हणजे ती तुझ्यातही असणार, आणि ते मीच तुला सांगायचं! घाबरले गं. तुझं पत्र आलं तोवर ते खोटं वहीत मुरलं होतं. ही चूक असूनही कितीतरी जण धडधाकट असतात, आपण दोघी आहोतच. म्हणून वाटलं, दुसऱ्यांदा नाही होणार.

काल पुन्हा रक्त दिलं. तेच निघालं.

हव्या तेवढ्या शिव्या घाल. बाळ कसं आहे तेवढं कळव.

भिंग

२१ ऑगस्ट

प्रयोगशाळेच्या बाईंस स. न. वि. वि.

बाळ जगेल म्हणतात. या खेपेला चार बोटांवर भागलं नाही, दीड वीत आतडं गेलं.

खरं सांगितलं असतंस तर मी त्याला होऊच दिलं नसतं, असं नाही. कदाचित होऊ दिलं असतं. पण डोळ्यांत तेल घालून बसले असते. पहिल्या दिवशी त्याला शी झाली नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले, लगेच पोटाचा फोटो काढू. मीच त्यांना थोपवलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं, माझी बहीण यातलीच आहे, तिने सांगितलंय आमच्यात काही नाही. तीन दिवस मी त्याचं फुगलेलं पोट चोळत बसले, गॅस झालाय म्हणून. आत आतडं सडत होतं. सासूबाईंनी मशीनला दोष दिला, त्यांना कळत नव्हतं. तुला कळत होतं.

तुकडा पाठवायला सही केली आहे. कुणाच्या तरी पोराला उपयोग होईल. बरणीवर 'भा' लिहू नकोस, नुसता क्रमांक घाल. कागदावर तो रकाना अजून आहे, संशोधन करणाऱ्यांपैकी कुणाशी नातं आहे का. मी तिथे 'नाही' लिहिलं आहे.

कळावे.